चिरघरातलं पीठ

"आणि काहीच उमटलं नाही तर?" बाईंनी विचारलं.

मी डोक्यावरचं पोतं धाडकन खाली टाकलं. पिठाचा लोट उठला आणि बाईंच्या निळ्या लुगड्यावर जाऊन बसला. त्यांनी तो झटकला नाही.

"उमटंल," मी म्हणालो.

"घरी पसरलं होतंत?"

"हो जी. रात्रभर टोपली झाकून ठेवली, बाजूले दिवा लावला. सकाळी मायनं टोपली उचलली. पीठ होतं तसंच."

"मग?"

"तो घरी मेलाच नाही ना, बाई. नदीत मेला. आता नदीवर पीठ कुठं पसरू?"

बाईंनी वाकून पोत्याला हात लावून पाहिला.

आमच्या करडोहची ही रीत आहे. माणूस जिथं जातो, तिथं तांदळाचं पीठ पसरून ठेवतात. सकाळी त्यावर जी खूण दिसेल, तो जन्म त्याला मिळाला असं समजतात. पाखराचा पाय दिसतो, गाईचं खूर दिसतं, सापाची रेघ दिसते. माणसाचं पाऊल दिसलं तर बाया रडता रडता हसतात.

हिवराज माझा थोरला भाऊ. नदीवर डोंगा चालवायचा. पुराच्या दिवसांत डोंगा उलटला. बसलेली सगळी माणसं काठाला लागली. तो लागला नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडला. तिथून त्याला चिरघरात नेलं.

चिरघर म्हणजे जुन्या सरकारी दवाखान्यामागची एकटी खोली. कोणी बुडालं, जळालं, फास घेतला की प्रेत तपासायला तिथं न्यायचे. आत मधोमध दगडी ओटा, ओट्याला पन्हळ, जमिनीत नाली, छताला एक काच. नवा दवाखाना हमरस्त्याला गेला आणि ही खोली टाकून दिली. तिथं शेवटचा निजवला तो माझा दादा.

त्याला आत नेलं तेव्हा मी बाहेर चिंचेखाली बसून होतो. आत गेलो नाही. पाय उचललेच नाहीत.

दिवाळी झाली. आमच्या घरी दिवा लागला नाही. त्यानंतर द्वारकाबाई आल्या.

बाई चित्रकार. वय झालेलं, केस पांढरे, आवाज बारीक. त्या आणि त्यांचे शिष्य अशाच टाकून दिलेल्या सरकारी जागांत जाऊन महिनोन् महिने राहतात. कुठं जकातनाका, कुठं कोंडवाडा. गावाला विचारतात, याचं काय करू या. मग गावाला बरोबर घेऊन, गावाच्याच हातांनी त्या जागेला नवं रूप देतात. करडोहच्या नगरपंचायतीनं त्यांना चिरघर दिलं. त्या जागेवरून कोणाशी भांडण होणार नव्हतं. दुसरं कोणी ती मागितलीच नसती.

बाईंचं मंडळ चिंचेखाली चटई टाकून बसायचं. किटलीत चहा असायचा. गाव यायचं, चहा प्यायचं, सल्ले द्यायचं. इथं वाचनालय करा. तालीम करा. कोणी म्हणायचं, पाडून टाका. पण उंबऱ्याच्या आत एकानंही पाय घातला नाही. गप्पा मारतानासुद्धा लोक दाराकडे पाठ करून बसायचे.

आणि बाईंचा शिष्यांना एकच हुकूम होता. गावातला माणूस आपण होऊन आत येत नाही, तोवर भिंतीला हात लावायचा नाही.

त्यांचा मोठा शिष्य ईशान. हुशार आणि घाईचा. तो रोज विचारायचा, "मग आम्ही करायचं काय, बाई?"

"झाडायचं."

"झाडून झालं."

"मग पुन्हा."

मी पहिल्यांदा तिथं गेलो तो भांडायलाच. जिथं माझा भाऊ उघडा पडला होता, तिथं ही माणसं चहा पितात, हसतात! मी जाऊन उभा राहिलो. कोणीतरी हातात कप दिला. तेवढ्यात चक्कीवाला देवाजी म्हणाला, "मी सांगू का बाई, इथं मटन मार्केट करा. ओटा तयार हाये, नाली तयार हाये."

सगळे हसले. मी मागं उभा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी कपातला चहा त्याच्या तोंडावर फेकला. गरम होता.

देवाजी ओरडत उठला. मला पाहिलं आणि खाली बसला. आता बाई मला हाकलतील, असं वाटलं. मी तयारीतच होतो.

बाईंनी किटली उचलली. माझा कप पुन्हा भरला.

"तुझा सांडला," म्हणाल्या.

त्या दिवशी मी चटईवर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बाईंनी मला भावाबद्दल एक शब्द विचारला नाही. झाडू दिला. अंगण माझं, आत त्यांचे शिष्य. सगळ्या गावानं मला समजावलं होतं, धीर दे मायले, मोठा झालास आता. बाईंनी तेवढा झाडू दिला. त्यांचे उपकार मी फेडू शकणार नाही. निदान सांगायचे तरी राहू नयेत.

झाडता झाडता एक दिवस माझ्या मनात आलं. नदीवर पीठ पसरता येत नाही. पण नदीनंतर दादा जिथं निजला, ती जागा तर ही समोर आहे.

मी झाडू टाकला आणि पळत सुटलो. घरातल्या कोठीतला तांदूळ पोत्यात भरला. मायनं विचारलं, मी थांबलो नाही. तडक देवाजीच्या चक्कीवर.

देवाजीच्या गालावर अजून लाल डाग होता. मला बघून तो दोन पावलं मागं सरकला.

"दळून दे," मी म्हणालो.

"एवढं? कायले?"

"दादासाठी. चिरघरात पसरतो."

देवाजीनं पट्टा काढला. आधी गहू दळला होता. त्यानं चक्की उघडली, जात्याचे दगड फडक्यानं पुसले. मूठभर तांदूळ आधी घालून ते पीठ बाजूला टाकलं. मग माझा तांदूळ घातला. चक्की घरघरत होती तोवर तो माझ्याकडे बघत नव्हता. पोतं माझ्या डोक्यावर चढवताना हळूच म्हणाला, "मले मालूम नव्हतं रे, तू मागं हायेस म्हणून."

मी हूं म्हणालो.

असा मी दिवस कलता कलता पीठ घेऊन बाईंसमोर उभा होतो.

ईशान पुढं आला. "बाई, हे आपण इथं चालवायचं? लोक उद्या अंधश्रद्धा म्हणतील."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तू कुंचला रंगात बुडवतोस, तेव्हा कागदावर काय उमटणार ते तुला आधी ठाऊक असतं?"

"असतं."

"म्हणून तुझी चित्रं बघताना मला डुलकी लागते."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. लगेच लाज वाटली.

"चाळणी आण," बाई त्याला म्हणाल्या.

मग मला म्हणाल्या, "चल."

मी उंबऱ्यापाशी थांबलो. बाई आत जाऊन उभ्या राहिल्या. बोलावलं नाही. मागं वळूनही पाहिलं नाही. फक्त उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून, जसं काही त्यांना कसलीच घाई नव्हती...

मी आत गेलो.

आत गार होतं. झाडून झाडून फरशी लखलखत होती. वास नव्हता. मला वाटत होतं वास असेल.

"कुठं पसरायचं?" बाईंनी विचारलं.

कुठं निजवलं होतं, कुठून नेलं, मला काय माहीत. मी तर बाहेर होतो.

"सगळीकडं," मी म्हणालो.

आम्ही दूरच्या भिंतीपासून सुरुवात केली. मी चाळणी धरायचो, बाई ओंजळीनं पीठ घालायच्या. पीठ बारीक पडायचं. एक पाऊल मागं, पुन्हा चाळायचं. ओट्यापाशी आलो तेव्हा माझे हात थांबले.

बाई ओंजळ धरून उभ्या राहिल्या. बोटांच्या फटींतून पीठ सांडत होतं. सांडू दिलं.

मी ओट्यावर चाळणी धरली. पन्हळ पांढरी झाली. पुन्हा मागं मागं येत आम्ही उंबऱ्यावर पोचलो. खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी झाली होती.

"मी इथं राखण बसतो," मी म्हणालो.

"कशाची?"

"कुत्रं येईल. उंदीर येईल."

"आला तर?"

"हाकलीन."

"आणि तोच असला तर?"

मी दाराकडे हात नेला.

"बरं, मग दार लावू का, बाई?"

"त्याला आत यायचं आहे ना?"

"हो जी."

"मग उघडं राहू दे. तू घरी जा. आईजवळ नीज."

मी गेलो. मायला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. देवाजीच्या चक्कीवर जे कळतं, ते गावाला कळतं.

उजाडताच मी पोचलो, तर चिंचेखाली निम्मं करडोह. दूधवाला कॅन घेऊन, बाया पदर लपेटून, देवाजी चक्की बंद ठेवून. ईशाननं कॅमेरा गळ्यात घातला होता. बाईंनी तो उतरवून घेतला आणि खांबाच्या खुंटीला अडकवला.

लोकांनी मला वाट दिली. मी उंबऱ्यावर उभा राहून आत पाहिलं.

काही नव्हतं.

पाखराचा पाय नाही. उंदराची शेपटी नाही. मुंगीची वाटसुद्धा नाही. छताच्या काचेतून ऊन खाली आलं होतं आणि पीठ काल होतं तसंच, दुधासारखं पडलं होतं.

"काहीच नाही," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"थांब ना, कोपऱ्यात पाहू दे."

"कोपऱ्यातही नाही."

मी उंबऱ्यावरच बसलो. डोळ्यांना पाणी येईना. तो कुठंच गेला नाही. घरी आला नाही, इथं आला नाही. म्हणजे तो अजून नदीतच आहे, पाण्याखाली, एकटा. दुसरं काही मनात येईना.

"सरक."

माय होती. केस मोकळे, पायात काही नाही. घरापासून तशीच आली होती. ती या रस्त्यानंसुद्धा जायची नाही, दवाखान्याला वळसा घालून जायची.

"माय, काही नाही तिथं."

"तू सरक."

मला बाजूला सारून ती आत गेली. सरळ पिठावरून. मला तिला धरता आलं नाही. ती कमरेत वाकली आणि बघत बघत फिरू लागली. कोपऱ्यात, नालीपाशी, ओट्याच्या मागं. हरवलेली सुई शोधावी तशी.

मग ती ओट्यापाशी सरळ झाली. ओट्यावर हात ठेवला.

"इथं निजवलं होतं काय रे त्याले?"

"असंल, माय."

"डोकं कोणत्या बाजूनं होतं?"

मला माहीत नव्हतं.

"उगवतीकडं, मावशी."

गर्दीतून सुखदेव बोलला. जुन्या दवाखान्यातला सफाईचा माणूस. त्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, जोडून ठेवल्या आणि आत गेला. ओट्याच्या एका टोकाला हात लावून दाखवला. "इकडं. मी त्याले आंघोळ घातली, मावशी. ऊन पाण्यानं. केसांत रेती होती, ती काढली. मग बाहेर दिला."

माय त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पिठानं भरलेला हात त्याच्या गालावर ठेवला.

"बरं केलंस बापा," म्हणाली. "माह्या लेकराले ऊन पाणी देल्लं तू. बरं केलंस."

सुखदेव रडू लागला. इतकी प्रेतं धुतलेला माणूस, भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. मी त्याला रोज रस्त्यात बघत होतो. एकदाही त्याच्याशी बोललो नव्हतो.

आता पर्बतामावशी पुढं आली. भाजी विकणारी, पलीकडच्या काठावरची. गुडघ्यांमुळं तिच्यानं नीट चालवत नाही. तिनं चपला काढल्या. "त्यानं मले कधी चिखलात पाय ठेवू नाही देल्ला," उंबरा चढताना ती सांगत होती. कोणाला सांगत होती कोण जाणे. "डोंगा लागला की पाठीवर घे आणि वर नेऊन ठेव. म्हणायचा, मावशी तू टोपलीपेक्षा हलकी." ती आत जाऊन मायजवळ उभी राहिली.

दूधवाल्यानं कॅन खाली ठेवला.

मग किती जण गेले, मी पाहिलं नाही. उंबऱ्याशी चपलांचा ढीग झाला. चपला काढा असं कोणीही सांगितलं नव्हतं. कोणी मायच्या खांद्याला धरलं. कोणी नुसतंच ओट्याला हात लावून मागं झालं. डोंगा उलटला त्या दिवशी डोंग्यात असलेली एक पोरगी बापाचं बोट धरून आली. तिला उंबरा उंच पडला, बापानं उचलून आत ठेवली. सगळ्यात शेवटी देवाजी, हात जोडून, मान खाली घालून.

आणि मला एकदम दिसलं.

पीठ!

"थांबा!" मी ओरडत आत शिरलो. "निघा बाहेर! सगळे निघा! पुसलं तुम्ही! सगळं पुसून टाकलं!"

जो तो होता तिथं थिजला. देवाजीचा एक पाय वरच राहिला. तो कुठं टेकवावा ते त्याला कळेना.

"ठेव ना बाप्पा खाली," पर्बतामावशी हळूच म्हणाली. "पडशील."

कोणी हसलं नाही. मला मारावंसं वाटत होतं, कोणाला ते कळत नव्हतं.

बाई इतका वेळ दाराबाहेर होत्या. त्यांनी चपला काढल्या आणि आत आल्या.

"काय पुसलं?" त्यांनी विचारलं.

"पाऊल."

"होतं?"

"नव्हतं. पण... आलं असतं."

"कोणाचं?"

"दादाचं."

"कसलं हवं होतं तुला? पाखराचं? गाईचं?"

सगळं गाव बघत होतं. माय बघत होती.

"माणसाचं," मी म्हणालो. "एकच पाहिजे होतं जी. माणसाचं."

बाईंनी माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. स्वतःही बसल्या. ऊन आता ओट्यावरून उतरून जमिनीवर आलं होतं. पिठात पावलंच पावलं होती. रुंद, भेगाळलेली. मायची दोन, ओट्याला लागून. त्यांच्या शेजारी सुखदेवची. पर्बतामावशीची फरफटत गेलेली. त्या पोरीची एवढीएवढीशी. कोणाचा अंगठा कोणाच्या टाचेवर. मधे कुठंतरी माझीही असतील, ओरडत आत शिरलो होतो तेव्हाची.

मी बघत राहिलो...

"बघ नीट," बाई म्हणाल्या. "आणि यातलं कोणतं त्याचं नाही, ते मला दाखव."